पिटकेर्न बेटावर क्रूझने जायचंय? मग तिकीट काढायच्या आधी हे वाचा

पॅसिफिकच्या नकाशावर ताहिती सापडलं की तिथून आग्नेयेकडे बोट सरकवत न्या. बऱ्याच वेळाने मांगारेवा हे बेट लागेल. त्यानंतर आणखी सुमारे ५४० किलोमीटर नुसतं पाणी, आणि मग एक ठिपका. तेच पिटकेर्न. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, वस्ती पन्नासच्या आत, गाव एकच, ॲडम्सटाउन. राज्य ब्रिटनचं, चलन न्यूझीलंडचं. विमानतळ नाही आणि मोठं जहाज लागेल असं बंदरही नाही. जायचं तर समुद्रानेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. पिटकेर्नच्या क्रूझचं तिकीट म्हणजे बेटापर्यंत पोचायचं तिकीट. बेटावर पाय ठेवायचं नव्हे. तो ठेवता येईल की नाही, हे त्या दिवशीच्या लाटा ठरवतात. पुढची सगळी तयारी हे डोक्यात ठेवूनच करायची. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सरळ बोरा बोराला जावं. तिथे विमान उतरतं.

पायरी १: जहाज कोणतं, हे आधी ठरवा

पिटकेर्नला जाणारी जहाजं ढोबळमानाने दोन प्रकारची.

पहिली मोठी क्रूझ जहाजं, हजार-दोन हजार प्रवाशांची. दक्षिण अमेरिका ते ताहिती किंवा जगप्रदक्षिणेच्या लांब मार्गावर ती पिटकेर्नपाशी काही तास थांबतात. यांच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा 'सीनिक क्रूझिंग' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की जहाज बेटाभोवती फिरणार, तुम्ही कठड्याला रेलून फोटो काढणार आणि उतरणार कोणीच नाही. त्याऐवजी बेटावरचे लोकच लाँगबोटीतून जहाजावर येतात आणि डेकवर आपला बाजार मांडतात. हा कार्यक्रम वाटतो तितका फिका नसतो. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी एक्सपिडिशन जहाजं, शंभर ते दोनशे प्रवाशांची. यांच्याकडे झोडियाक म्हणजे रबरी फुगीर बोटी असतात आणि उतरायचा खराखुरा प्रयत्न होतो. यांचा नेहमीचा मार्ग ताहिती, मांगारेवा, पिटकेर्न, जमलं तर निर्मनुष्य हेंडरसन आणि शेवटी ईस्टर आयलंड, किंवा नेमका उलटा. शिवाय ताहितीहून सुटणारं 'अरानुई ५' आहे. अर्धं मालवाहू आणि अर्धं प्रवासी असं हे जहाज मुख्यतः मार्केसास बेटांची फेरी करतं, पण अधूनमधून पिटकेर्नचीही सफर काढतं.

माझं मत विचाराल तर पैसे साठवून लहान जहाजानेच जा. बुकिंगच्या वेळी एजंटला दोन प्रश्न विचारा. पिटकेर्नसाठी किती वेळ राखून ठेवलाय, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघणार का? 'सकाळी पोचू, दुपारी निघू' असं उत्तर आलं आणि ते जहाज स्वस्त असलं, तरी ते स्वस्त नाही.

कोणाला तिथे चार-आठ दिवस राहायचंच असेल, तर तो वेगळा रस्ता. ताहितीहून विमानाने मांगारेवा आणि तिथून 'सिल्व्हर सपोर्टर' हे बेटाचं रसदीचं जहाज. मुक्काम बेटावरच्या कुटुंबांकडे. त्याला तयारी वेगळी लागते, म्हणून इथे तो विषय नाही.

पायरी २: महिना

बहुतेक जहाजं ऑक्टोबर ते मार्च या काळात येतात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. बेट मकरवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे हवा उबदार, पण मुंबईच्या मे महिन्यासारखी घामाघूम करणारी नाही. पाऊस कधीही येतो. नेमका 'चांगला महिना' शोधत बसू नका, कारण लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळातून उठून येतात. बेटावर लख्ख ऊन आणि उतरणं रद्द, असं सर्रास होतं.

पायरी ३: व्हिसे

भारतीय पासपोर्टवाल्यांची खरी डोकेदुखी इथेच आहे. समुद्र नंतर.

सफर बहुधा ताहितीहून म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातून सुरू होते. फ्रान्सचंच आहे म्हणून शेंगेन व्हिसा चालेल असं धरून चालू नका. हा भाग शेंगेनमध्ये येत नाही. अर्जातच फ्रेंच पॉलिनेशियाला जायचं असल्याचं स्पष्ट लिहा आणि तुमच्या बाबतीत कोणता व्हिसा लागेल ते व्हिसा केंद्रातून लेखी घ्या. जहाज ताहितीहून निघून पिटकेर्न करून पुन्हा ताहितीलाच येणार असेल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. पिटकेर्न ब्रिटिश भूमी आहे. तिथे गेलात म्हणजे कागदोपत्री तुम्ही फ्रेंच हद्द सोडलीत आणि परतताना तुमचा दुसरा प्रवेश होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर जहाज कंपनी मुळात तुम्हाला चढूच द्यायची नाही.

सफर ईस्टर आयलंडला संपत असेल तर ते बेट चिलीचं. म्हणजे चिलीच्या नियमांचीही वेगळी चौकशी. मधले विमानतळही विसरू नका. अमेरिकेतून जाताना नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो, आणि न्यूझीलंडमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसा. पिटकेर्नची स्वतःची परवानगी आणि उतरण्याचं शुल्क मात्र सहसा जहाज कंपनीच बघते. शुल्क तिकिटात धरलंय की वेगळं, एवढं विचारून घ्या.

पापीतेत, म्हणजे ताहितीवरच्या राजधानीत, जहाज सुटायच्या निदान दोन दिवस आधी पोचा. ऑकलंडमार्गे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. मंगळवारी दुपारी निघालेला माणूस सोमवारी रात्री पापीतेत उतरतो. हॉटेलचं बुकिंग करताना इथे भलेभले गोंधळतात. दुसरं कारण सामानाचं. बॅग मागे राहिली आणि जहाज सुटलं, तर ती बॅग तुम्हाला पिटकेर्नपर्यंत पोचवायला कोणीही येणार नाही.

पायरी ४: विमा, औषधं, पैसे

विमा घेताना रक्कम बघण्याआधी त्यात 'वैद्यकीय स्थलांतर', म्हणजे आजारी माणसाला उपचारांसाठी दुसरीकडे हलवण्याचा खर्च, आहे का ते बघा. पिटकेर्नवर छोटा दवाखाना आहे, शस्त्रक्रियेची सोय नाही. गंभीर दुखणं आलं तर आधी जहाजाने मांगारेवा आणि तिथून विमानाने ताहिती. हेलिकॉप्टर वगैरे सिनेमात. हृदयविकार असेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि त्यांना 'क्रूझला जातोय' एवढंच सांगू नका. 'हलत्या बोटीत उतरायचंय' हे सांगा.

ताहिती ते पिटकेर्न सुमारे २,१७० किलोमीटर. मध्ये कुठे थांबलं नाही तरी तीन दिवस उघडा समुद्र. ईस्टर आयलंडकडून आलात तरी अंतर साधारण तेवढंच. बोट लागण्यावर ॲव्होमिनसारखी गोळी आपल्याकडे सहज मिळते, पण ती पोट ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आधी घ्यायची. झोपही येते, म्हणून एकदा घरीच घेऊन बघा. नेहमीची औषधं हातातल्या बॅगेत, आणि दौऱ्याच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची.

पैसे रोख. न्यूझीलंड डॉलर किंवा अमेरिकन डॉलर, आणि तेही सुटे. पाच, दहा, वीसच्या नोटा. शंभराची नोट पुढे केली की विकणाऱ्या बाईला सुटे शोधायला चार टेबलं फिरावं लागतं आणि तेवढ्यात मागची रांग वैतागते.

पायरी ५: बॅगेत काय, आणि काय मुळीच नको

कपड्यांची यादी देत बसत नाही. एक हलका वारारोधी रेनकोट, पटकन वाळणारी पँट, मागे पट्टा असलेले आणि तळ घट्ट पकडणारे बूट, टोपीला दोरी, भरपूर सनस्क्रीन आणि मोबाइल-कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी. छत्री नको. वारा ती उलटी करतो.

शाकाहारी मंडळींनी जहाज कंपनीला आधीच ईमेल करावा, आणि त्यात नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नये. मासे नको, अंडी चालतात की नाही, चिकनचं पाणी घातलेलं सूप नको, हे एकेक करून लिहा. सोबत मेतकूट, चटणी, चिवडा, लाडू न्यायला हरकत नाही. फक्त ते केबिनमध्येच राहू द्या.

कारण असं की पिटकेर्न बाहेरच्या जिवाणू-बियाण्यांच्या बाबतीत फार जपून असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तिथल्या मधमाश्यांना जगभर पोळी उद्ध्वस्त करणारे रोग लागलेले नाहीत. तिथला मध विकला जातो तो या जोरावर. म्हणून बाहेरचा मध, फळं, बिया, माती, काहीही बेटावर न्यायचं नाही. उतरायच्या आदल्या दिवशी जहाजावर बूट घासून घेतात, बॅगांचे कोपरे झटकतात, व्हेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेली कुसळं चिमट्याने काढायला लावतात. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकचे बूट नेणार असाल तर घरूनच ब्रशने धुऊन न्या. खिशात उरलेले चार शेंगदाणेही तपासा.

पायरी ६: उतरण्याची घडी

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण नवख्यांची गडबड इथेच होते.

पिटकेर्नला प्रवाळाचं कडं नाही. बोरा बोरासारख्या बेटांभोवती प्रवाळ लाटा अडवतं आणि आत शांत पाणी राहतं. इथे ज्वालामुखीचा खडक सरळ समुद्रातून वर आलाय आणि लाट थेट त्याच्यावर आपटते. उतरायची मुख्य जागा बाउंटी बे. नाव 'बे' असलं तरी आडोसा नावालाच आहे. आता पश्चिमेला टेडसाइडलाही धक्का आहे. एका बाजूला लाटा असल्या की दुसरी बाजू बघता येते. तरीही दोन्हीकडून नकार येऊ शकतो.

जहाज किनाऱ्यापासून लांबच तरंगत थांबतं. मग झोडियाक उतरतात किंवा बेटाची लाँगबोट येऊन जहाजाला लागते. ही ॲल्युमिनियमची लांबलचक बोट तिथलेच लोक चालवतात. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून या खाडीतली वल्ही याच घराण्यांच्या हातात आहेत, तेव्हा ते जे सांगतील ते निमूट ऐका. गेटवेहून एलिफंटाला जाताना आपण फळीवरून टुणकन बोटीत जातो, तो आत्मविश्वास इथे कामाचा नाही. तुमच्यासमोरची बोट या क्षणी पायाच्या पातळीला असते आणि पुढच्या क्षणी दीड माणूस खाली.

क्रम असा. दोन्ही हात मोकळे, बॅग पाठीवर, कॅमेरा बॅगेत. दारात उभा असलेला खलाशी तुमचा हात मनगटाच्या वर धरतो. तुम्हीही त्याचा तसाच धरायचा, पंजात पंजा नाही. घामाने किंवा पाण्याने पंजा सुटतो, कोपराखालची पकड सुटत नाही. बोट लाटेवर सगळ्यात वर आली की तो 'नाऊ' म्हणतो. त्याच वेळी एक पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही आणि 'जाऊ का?' असं मागे वळून बायकोला विचारायचंही नाही. ती लाट गेली तर गेली, पुढची येतेच. बोटीत पाऊल पडलं की लगेच खाली बसायचं. बोटीच्या काठावर बोटं ठेवायची नाहीत, कारण पुढच्या लाटेला तो काठ जहाजाच्या पोलादावर आदळतो.

किनाऱ्याजवळ बोट थांबते. सुकाणूवाला मागे बघत बसतो. नवख्यांना वाटतं इंजिन बिघडलं. तो लाटा मोजत असतो. मोठ्या लाटांची एक रांग निघून जाऊ देतो, मधला सुस्त क्षण मिळाला की इंजिन पूर्ण ताकदीने सोडतो, आणि बोट फेसातून आत घुसून एकदम वळून धक्क्याच्या आडोशाला येते. थोडं भिजणार हे धरूनच चला.

जहाजावरून उतरायची हिंमत त्या क्षणी झाली नाही तर स्पष्ट 'नको' म्हणा. कोणी हसत नाही. अर्धवट मनाने टाकलेल्या पावलाचाच जास्त धोका.

पायरी ७: बेटावरचे चार-पाच तास

धक्क्यापासून गावात जाणारा चढ 'हिल ऑफ डिफिकल्टी' या नावाने ओळखला जातो. नाव वाजवी आहे. चालवत नसेल तर बेटवासी आपल्या चारचाकी क्वाड बाइकवर मागे बसवून नेतात.

वर चौकात 'बाउंटी' जहाजाचा नांगर ठेवलाय. तो का आहे हे माहीत असेल तर बेट समजायला सोपं जातं. २८ एप्रिल १७८९ रोजी ब्रिटिश आरमाराच्या 'बाउंटी'वर फ्लेचर ख्रिश्चनने कॅप्टन ब्लायविरुद्ध बंड केलं. ब्लायला होडीत सोडून दिलं. जानेवारी १७९० मध्ये नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष, बारा पॉलिनेशियन स्त्रिया आणि एक तान्ही मुलगी इथे पोचले, आणि माग लागू नये म्हणून जहाज याच खाडीत जाळून टाकलं. पुढची काही वर्षं खुनाखुनीत गेली. १८०८ मध्ये 'टोपाझ' हे अमेरिकन जहाज अचानक इथे आलं तेव्हा पुरुषांपैकी एकटा जॉन ॲडम्स जिवंत होता. त्याची कबर गावात आहे आणि गावाला नावही त्याचंच.

सगळी गोष्ट बंडखोरांची म्हणून सांगितली जाते आणि ख्रिश्चन, यंग ही आडनावं आजही बेटावर आहेत. पण ते बेट जगवलं त्या ताहितीच्या बायकांनी. काय लावायचं, काय खायचं, झाडाच्या सालीपासून तापा कापड कसं कुटायचं, हे त्यांचं ज्ञान. संग्रहालयात गेलात तर 'बाउंटी'च्या तोफेपुढे गर्दी असते. तुम्ही तापाही बघा. त्याआधीही इथे पॉलिनेशियन लोक राहून गेले होते. डाउन रोप या कड्याखाली त्यांनी दगडावर कोरलेल्या आकृत्या आहेत. तिथली उतरण मात्र भयंकर आहे, स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही. वेळ थोडा असताना मुळीच नाही.

गावाच्या वरच्या कड्यात ख्रिश्चनची गुहा दिसते. पायाने धडधाकट असाल तर वाट करून घेता येते, पण परतीची शेवटची बोट किती वाजता हे आधी विचारा. घड्याळही जहाजाच्या वेळेला लावा, बेटाची वेळ वेगळी असू शकते. पूर्वेला सेंट पॉल्स पूल हा खडकांतला समुद्राच्या पाण्याचा डोह आहे. फोटोत मोह पडतो. लाट वर येत असेल तर काठापर्यंतही जाऊ नका. बेटाच्या नकाशावर 'व्हेअर डॅन फॉल', 'नेली फॉल' अशी ठिकाणं आहेत. कोण कुठे पडलं याची नोंद लोकांनी नकाशावरच करून ठेवलीय.

वेळ कमी असेल तर माझा क्रम असा. चौक, पोस्ट, संग्रहालय, ॲडम्सची कबर, आणि मग कोणाच्या तरी अंगणात बसून गप्पा. पोस्टात तिकीट लावून घरी एक कार्ड टाका. पिटकेर्नची टपाल तिकिटं १९४० पासून निघतात आणि जगभरचे संग्राहक ती जपतात. कार्ड घरी पोचायला महिने लागतात, रसदीच्या जहाजाशिवाय ते जाणार कसं?

बोलताना एक भान ठेवा. २००४ मध्ये इथल्या काही पुरुषांवर मुलींच्या लैंगिक शोषणाचे खटले चालले आणि शिक्षा झाल्या. जगभर बातम्या आल्या. तुम्ही ज्यांच्याशी बोलताय त्यांतल्या कोणाच्याही घराला ती जखम असू शकते. कुतूहल म्हणून तो विषय काढू नका. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढू नका.

पायरी ८: उतरता आलं नाही तर

सकाळी लाउडस्पीकरवरून 'आज उतरणं शक्य नाही' अशी घोषणा झाली की डेकवर चेहरे पडतात. काही जण मॅनेजरशी भांडायला जातात. त्यात अर्धा तास घालवू नका, कारण थोड्याच वेळात बेटच जहाजावर येतं. एवढ्याशा वस्तीतले बरेचसे लोक लाँगबोटीत बसून, दोरीच्या शिडीने चढून, खोकी आणि गाठोडी वर घेतात आणि तासाभरात टेबलं मांडतात.

टेबलावर मिरो लाकडातले शार्क, कासवं, 'बाउंटी'च्या प्रतिकृती. विणलेल्या टोपल्या. तापा. मधाच्या बाटल्या, तिकिटं, टीशर्ट. हे लाकूड आणायला ते हेंडरसन बेटापर्यंत बोटीने जातात. एखादा शार्क हातात घेऊन उलटा करून बघा. पोटाखाली करणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तोच माणूस टेबलामागे उभा असतो. घासाघीस करू नका. मोठी क्रूझ वर्षात मोजक्याच वेळा येते आणि कित्येक घरांची रोख कमाई यावरच असते. त्याऐवजी विचारा की हे करायला किती दिवस लागले, लाकूड कधी आणलं, मुलं शिकायला कुठे गेलीत. ती बहुधा न्यूझीलंडला असतात. ज्यांनी असं बोलून घेतलं ते उतरता न आल्याचं फारसं बोलत नाहीत, हे मी पाहिलंय.

पासपोर्टवर पिटकेर्नचा शिक्का हवा असेल तर याच वेळी विचारा. जहाजाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतले असतील तर आदल्या रात्रीच रिसेप्शनला सांगून ठेवा.

पायरी ९: निघाल्यावर

रात्री डेकवर या आणि दिवे कमी असलेली बाजू शोधा. या द्वीपसमूहाला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय' अभयारण्याचा दर्जा मिळालाय. भोवतालचं सुमारे ८,३४,००० चौरस किलोमीटरचं पाणी २०१६ पासून सागरी राखीव क्षेत्र आहे.

पुढे ईस्टर आयलंडला उतरणार असाल तर चिलीच्या कस्टम्सच्या फॉर्मवर लाकूड, विणकाम आणि मध, तिन्ही नोंदवा. वनस्पतींपासून आणि प्राण्यांपासून आलेल्या वस्तू लपवल्या तर दंड होतो. कोरीव लाकूड स्वच्छ, किडीचं भोक नसलेलं असेल तर सहसा अडचण येत नाही. मध मात्र काढून घेतला जाण्याची शक्यता बरीच. त्यामुळे जास्त बाटल्या घेतल्या असतील तर मधल्या तीन दिवसांत नाश्त्याच्या टोस्टवर संपवून टाका.